चतुर्थीनंतर पाया खणायचा? आधी हा पावसाळा प्लॉटवर काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत, वडिलांच्या नावावर ५५० चौरस मीटरचा उतरता प्लॉट आहे. त्यावर १५० चौरस मीटरचं घर बांधायचं आहे, पुढेमागे वर एक मजलाही. कंत्राटदार म्हणतो, चतुर्थी झाली की पाया खणू, पुढच्या चतुर्थीला गणपती नव्या घरात बसेल. काम सुरू करण्याआधी कोणती तयारी हवी?

यंदाच्या चतुर्थीनंतर सुरुवात करू नका. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात करा. मधलं वर्ष वाया जाणार नाही. गोव्यात घर बिघडतं ते बहुतेक वेळा बांधकामात नाही, त्याआधीच बिघडतं: पाणी कुठून येतं ते न पाहता काढलेल्या नकाशात, किंवा अर्धवट कागदांवर सुरू केलेल्या कामात. दोन्ही गोष्टी नंतर दुरुस्त करायला पैसाही जास्त लागतो आणि मनस्तापही.

आता जुलै चालू आहे, म्हणजे सर्वात मोलाचं काम आत्ताच करता येईल. जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन प्लॉटवर जा आणि तासभर थांबा. वरच्या बाजूने पाणी कुठे आत शिरतं, कुठून बाहेर पडतं, कुठे साचतं, शेजाऱ्याच्या बांधाखालून झर फुटते का, हे सगळं सर्व्हे नकाशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने काढा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चोवीस तासांनंतरही जिथे पायाखाली पचपच आवाज येतो, तिथे न्हाणीघर, सोकपिट (सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) किंवा पाण्याची भूमिगत टाकी काढायची नाही. जवळपासच्या विहिरींत पाणी जमिनीपासून किती खाली आहे, तेही आत्ता आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये मोजून ठेवा. दोन आकड्यांतला फरक पाहिल्यावर पाया आणि सोकपिट किती खोल न्यायचे, याचा अर्धा निर्णय होतो. उन्हाळ्यात पाहिलेला प्लॉट यातलं काहीच सांगत नाही.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीकडे त्याहून जास्त. वळचणीसकट तुमचं छप्पर १८० चौरस मीटर धरलं तर एका पावसाळ्यात त्यावर पाच लाख लिटरहून अधिक पाणी पडणार. एका दिवसात १०० मिमी पडला तरी १८,००० लिटर, म्हणजे दोन टँकरच्या आसपास पाणी एका दिवसात तुमच्या जोत्याभोवती उतरतं. ते कुठे जाणार, हे नकाशावर भिंतींच्या आधी आलं पाहिजे. शेजाऱ्याच्या आवारात सोडता येत नाही. जुनी वाहती चर बुजवली तर पाणी दुसरी वाट काढतं, आणि ती वाट बहुधा कुंपणाच्या भिंतीखालून जाते.

कागदांकडे वळू, कारण सर्वात जास्त वेळ तिथेच जातो.

एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या सात-बाराचा, ताजा उतारा काढा आणि फक्त वरचं नाव वाचून थांबू नका. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना, हे दोन नीट वाचा. तिथे एखादं जुनं नाव असलं, मग ती माणसं गाव सोडून गेलेली असोत, तर आधी वकिलाकडे जा. कुळाच्या मालकीची झालेली शेतजमीन १९९१च्या जमीन वापर कायद्याप्रमाणे शेतीखेरीज वापरता येत नाही. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणाऱ्याचं) घर प्लॉटमध्ये किंवा सीमेला लागून असेल, तर १९७५च्या मुंडकार कायद्याखालचे त्याचे हक्कही पाहावे लागतात. सर्व्हे नकाशावर तुटक रेषांनी वाट दाखवली असेल, तर ती तुम्हाला अडवता येणार नाही. प्लॉट घेताना कोणी सांगितलं नसलं, तरी नाही.

जमीन वडिलांच्या नावावर आहे म्हणता, पण गोव्यातल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. म्हणजे निम्मा हक्क आईचा आहे आणि प्रत्येक दस्तावर तिची सही लागेल. वडिलांना त्यांच्या वाट्यातलाही निम्माच भाग आपल्या मर्जीने देता येतो, उरलेल्यावर सगळ्या मुलांचा हक्क असतो. भावंडं असतील तर आजच सगळे बसून बोला आणि ठरेल ते नोंदणीकृत दस्तात उतरवा. वडील हयात नसतील, तर उत्तराधिकाराचा दस्त किंवा इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया) पूर्ण झाल्याशिवाय बँक कर्ज देणार नाही. आणि तोंडी वाटणीवर बांधलेल्या घराचा वाद पुढच्या पिढीच्या माथी जातो.

यानंतर नगर नियोजन खात्याकडून झोनिंग प्रमाणपत्र घ्या. प्रादेशिक आराखडा २०२१मध्ये तुमचा सर्व्हे क्रमांक सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीच्या भागात, आहे का, हे आधी कळलं पाहिजे. ऑर्चर्ड (बागायत) किंवा कल्टिव्हेबल (लागवडीची जमीन) लिहिलेलं असेल, तर ‘झोन बदलून मिळतो’ या शब्दावर नकाशालाही पैसे खर्च करू नका. सेटलमेंटमध्ये असेल तर गावाचा दर्जा विचारा. व्हीपी-२ दर्जाच्या गावात एफएआर (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती टक्के एकूण बांधकाम करता येतं तो आकडा) ६० असतो, म्हणजे ५५० चौरस मीटरवर एकूण ३३० चौरस मीटर. तुमचं १५० अधिक वरचं १५० त्यात बसतं, पण पडव्या आणि गॅरेज वाढवत गेलात तर बसणार नाही. बाजूने आणि मागे साधारण ३ मीटर मोकळं सोडायचं, पुढचं अंतर रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. प्लॉट निमुळता असेल, तर या अंतरांनंतर घराला किती जागा उरते ते खुंट्या आणि दोरी लावून प्रत्यक्ष पाहा. कागदावर मोठा दिसणारा प्लॉट इथे एकदम लहान होतो.

उतार मोजून घ्या. चार मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ असेल तर तो २५ टक्के झाला, आणि त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मुभा नसते. त्याहून कमी असला, तरी टेकडी कापायला किंवा सखल जागा भरायला नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-एखाली वेगळी परवानगी लागते. ‘आधी जेसीबी लावून सपाट करून घेऊ’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. समुद्र अडीच किलोमीटरवर असला, तरी भरतीचं पाणी येणारी नदी, खाडी किंवा खाजन (बांध घालून राखलेली सखल खारजमीन) जवळ असेल, तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशाही तपासा. ती रेषा समुद्रकिनाऱ्यावर संपत नाही, खाडीबरोबर आत येते. झाडं तोडायची असतील तर १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. माडही त्यात येतो.

क्रम साधारण असा: सर्व्हेअरकडून सीमा आखून घेणं, जमीन बिगरशेती करणारी सनद, नगर नियोजनाची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला, शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. सीमा आखताना शेजाऱ्यांना बोलवा आणि दगड त्यांच्यासमोर पुरा. यातला प्रत्येक टप्पा मागच्यावर अवलंबून आहे, म्हणून एक फाइल अडली की पुढच्या सगळ्या थांबतात. सनदेला किती महिने लागतील यावर पैज लावण्यापेक्षा पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा त्यासाठी राखून ठेवा. घर पूर्ण झाल्यावर कम्प्लिशन (काम पूर्ण झाल्याचा दाखला) आणि मग ऑक्युपन्सी (राहायला जाण्याची परवानगी) लागते, आणि मंजूर नकाशापासून फारकत झाली की ती इथे अडते. नंतर जोडलेली पडवी, वाढवलेला सज्जा, दोन्ही त्यातच येतात. ऑक्युपन्सी नसेल तर घरपट्टी, वीज, पाणी सगळ्याच जोडण्यांना त्रास होतो.

ऑक्टोबरमध्ये जमीन सुकू लागली की माती तपासायची. जांभ्याच्या भागात सगळ्यांची एक समजूत असते: खाली कातळ आहे, काळजी नाही. कातळ असतो, पण तो बऱ्याचदा वरचा कठीण थर असतो, दीड-दोन मीटरचा, आणि त्याखाली पांढरट-गुलाबी मऊ माती. कोरडी असते तेव्हा ती कुदळीलाही दाद देत नाही. भिजली की साबणासारखी होते. पाया त्या पातळ थरावर टेकवला आणि बाजूला सोकपिट खणून पाणी सोडलं, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून घराच्या जागेत निदान दोन खड्डे, प्रत्येकी दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल, खणून इंजिनिअरला दाखवा. वर मजला नक्की करायचा असेल, तर एक बोअर घेऊन एसपीटी चाचणी (खालची माती किती घट्ट आहे ते मोजणारी) करा. एकूण खर्चात ही रक्कम अगदी किरकोळ आहे. खड्ड्यांना काटेरी कुंपण घाला, कारण गुरं आणि मुलं दोन्ही त्यात पडतात.

त्या वरच्या मजल्याबद्दल आजच ठरवा, ‘पुढेमागे’ हा शब्द इंजिनिअरला देऊ नका. फक्त तळमजला आणि उतरतं कौलारू छप्पर असेल, तर चिऱ्यांच्या भारवाहू भिंती उत्तम, आणि मी तरी तुम्हाला तेच सुचवेन. मात्र गोवा भूकंप क्षेत्र ३मध्ये येतो. जोत्याच्या, लिंटलच्या (दार-खिडक्यांच्या माथ्याच्या) आणि छपराच्या पातळीवर सलग आरसीसी पट्टा हवाच. वर स्लॅबचा मजला होणार असेल, तर आरसीसी कॉलमची चौकट घ्या आणि पाया दोन मजल्यांच्या वजनाचा घाला. अर्धवट मार्ग म्हणजे आज तळमजला बांधायचा आणि कॉलमच्या सळया वर काढून ठेवायच्या. आपल्या खाऱ्या हवेत त्या पाच वर्षांत खपलीसारख्या सुटतात. ठेवायच्याच असतील तर सळईभोवती पातळ काँक्रीटचं आवरण घाला, पिशवी बांधून काही होत नाही.

चिरे निवडताना खाणीवर जा. नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून काढून काही आठवडे झालेला घ्या. दोन चिरे एकमेकांवर हलके आपटले तर टणक आवाज यावा. बद्द आवाज येत असेल, किंवा पोटात पांढऱ्या मातीचे गोळे दिसत असतील, तर तो गठ्ठा परत पाठवा. मातीचा तो गोळा पावसात वाहून जातो आणि भिंतीत पोकळी उरते. खारं पाणी शोषलेला चिरा भिंतीवर मिठाचे पांढरे डाग देतच राहतो, कितीही रंग लावला तरी.

काँक्रीटवर थोडा वेळ घालवतो, कारण इथे कंत्राटदाराची सवय आणि गोव्याची हवा यांचं जमत नाही. साइटवर डब्यांनी मोजलेलं ‘एक-दीड-तीन’ (सिमेंट, वाळू, खडी) म्हणजे एम२० दर्जाचं काँक्रीट; एमपुढचा आकडा मोठा, तितकं काँक्रीट मजबूत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेला उघडं असलेलं बांधकाम ‘तीव्र’ गटात येतं, आणि तिथे आरसीसीला किमान एम३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५पेक्षा जास्त नाही, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) लागतं. एम३० डब्यांनी मोजून करता येत नाही, त्याला मिक्स डिझाइन, म्हणजे चाचण्या करून ठरवलेलं मिश्रणाचं प्रमाण, लागतं. मिक्सर ट्रकने येणारं तयार काँक्रीट घेणं त्यामुळे सोपं पडतं. हिशेब करा: १५० चौरस मीटरचा १५० मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे साडेबावीस घनमीटर, बीम वेगळे. सहा घनमीटरचे चार ट्रक झाले. तुमच्या वाडीतल्या वळणावर तो ट्रक वळतो का, आणि विजेच्या तारा किती खाली आहेत, हे नकाशा मंजुरीला जाण्याआधी पाहा. ट्रक येत नसेल तर पंप लागेल, आणि पंप उभा करायला जागा.

कव्हर ४५ मिमी ठेवलं की स्लॅबची उपयोगी खोली घटते, म्हणून १२५ मिमीचा स्लॅब इथे अपुरा पडू शकतो. डिझायनरला हे आधीच सांगा. जागेवर कव्हर ब्लॉक त्याच दर्जाच्या काँक्रीटचे वापरा, दगडाचे तुकडे किंवा फरशीचे कपचे नकोत. ते सरकतात आणि सळई फळ्यांना टेकते. पाच-सात वर्षांनी छताखालून सिमेंटच्या पापुद्र्यासकट गंज सुटून पडतो, त्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) किंवा स्लॅग सिमेंट घ्या, मिठाला ते जास्त तग धरतं. मात्र क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं, किमान १० दिवस. किनाऱ्याजवळच्या बोअरचं खारट पाणी वापरू नका. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, प्रयोगशाळेत तपासून घेता येतं. खाडीतली वाळूही याच कारणासाठी नको. कुठलीही वाळू आली की काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ एकूण उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला, तर ट्रक परत.

सळई लागेल तेवढीच आणा. जूनपूर्वी उरलेली उघड्यावर पावसाळाभर ठेवू नका. जमिनीपासून वर, झाकून ठेवली तरच.

छप्पर उतरतं करा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. सपाट स्लॅब आणि नंतर वर पत्र्याची शेड, हे दृश्य गोव्यात गल्लोगल्ली दिसतं, कारण सपाट स्लॅबला इथला पाऊस झेपत नाही. त्या शेडला वेगळी परवानगी लागते, आणि खर्च दोनदा होतो. कौलांना निदान २५ ते ३० अंश उतार द्या. वळचण पाऊण मीटरपेक्षा कमी नको, पश्चिमेला एक मीटर. नैर्ऋत्येच्या पावसाची झड थेट भिंतीवर येते, आणि तिथे खिडकीच्या वर लहानसा सज्जा पुरत नाही.

आता सांडपाणी. पाच माणसांसाठी सेप्टिक टँक १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद, १ मीटर पाण्याची खोली एवढा लागतो, तर दहा जणांसाठी २ मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद. चतुर्थीला मुंबईहून येणारी मंडळी धरून दहाचाच करा. खरी अडचण सोकपिटाची आहे. जांभ्याच्या भेगांतून पाणी गाळल्यावाचून लांब जातं, म्हणून विहिरीपासून २० मीटर अंतर मी किमान मानतो, तुमच्या विहिरीपासून आणि शेजाऱ्याच्याही. सोकपिट उताराच्या खालच्या अंगाला हवा. ५५० चौरस मीटरच्या प्लॉटवर हे अंतर बसवायचं, तर नकाशावर आधी विहीर, मग सोकपिट, आणि घर त्यानंतर मांडावं लागतं. नवी विहीर किंवा बोअर घ्यायची असेल, तर २००२च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागते, तीही याच वर्षात मागा.

कराराबद्दल मोजकं सांगतो. चौरस फुटाचा दर ठरवताना ‘कुठला चौरस फूट’ हे लिहून घ्या: कार्पेट, भिंतींसकट, की वळचणीसकट स्लॅबचं क्षेत्र. तिन्हींत मोठा फरक पडतो. कुंपण, फाटक, विहीर, सेप्टिक, अंगणाची लादी, वीज-पाण्याची जोडणी बहुतेक दरांत नसते. त्यासाठी एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के वेगळे धरा, आणि अनपेक्षित खर्चासाठी आणखी १० टक्के. पैसे टप्प्यांनी द्या: जोतं, लिंटल, छप्पर, गिलावा, फिनिशिंग. ५ टक्के रक्कम पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा आणि तसं करारात लिहा. गळती पहिल्या जुलैमध्येच कळते.

वेळापत्रक यातूनच येतं. हा पावसाळा पाण्याच्या निरीक्षणाला, ऑक्टोबर-नोव्हेंबर सीमा, उताराचा नकाशा आणि खड्डे यांना, डिसेंबर-जानेवारी घराच्या नकाशाला, नंतरचे आठ-नऊ महिने परवानग्यांना. पुढच्या ऑक्टोबरात पाया, डिसेंबरअखेर जोतं. जोत्याची भरणी झाली की वाळवीचं औषध, चौरस मीटरला ५ लिटर द्रावण या हिशेबाने. मार्चपर्यंत भिंती, आणि मेच्या मध्याला छप्पर बंद झालंच पाहिजे. मेमध्ये बरेच मजूर गावी जातात आणि वळवाचा पाऊस सांगून येत नाही. छप्पर झालं असेल तर आतला गिलावा पावसाळ्यात छान होतो, क्युरिंगला हवाच मदत करते. रंग मात्र नोव्हेंबरआधी नको. ओल्या भिंतीवरचा रंग मार्चपर्यंत फुगतो. म्हणजे कंत्राटदार म्हणतो त्या चतुर्थीला नाही, तिच्यानंतरच्या दुसऱ्या चतुर्थीला गणपती नव्या घरात.

त्या गणपतीची तयारीही स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशीच करावी लागते. तळमजल्यावर स्लॅब घेणार असाल, तर त्या संध्याकाळी शटरिंगवर चढून चार गोष्टी स्वतः पाहा: कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का, विजेच्या नळ्या सळयांच्या दोन थरांच्या मधून गेल्यात की नाही, पंख्यांचे बॉक्स ठोकलेत का, आणि देवघरापुढे माटोळीसाठी (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगायच्या चौकटीसाठी) हुक ठेवलेत का. माटोळीला नारळ, पोफळं, केळ्यांचे घड, तवशी, निरफणस सगळं धरून वजन सहज पन्नास किलोच्या पुढे जातं. नंतर भोक पाडून बसवलेला खिळा ते पेलत नाही, आणि त्या भोकातून पाणी सळईपर्यंत पोचतं. १२ मिमीच्या सळईचे चार हुक, वरच्या जाळीला अडकवून बांधलेले, माटोळीच्या चौकटीच्या मापावर. ते माप घरातल्या मोठ्यांना विचारून आदल्या आठवड्यातच घेऊन ठेवा.